बॅटरी बदलण्याआधी एवढं वाच

गाडीच्या नव्या बॅटरीच्या किमतीचा आकडा ऐकून तुझे डोळे पांढरे झाले असतील, पण घाईत स्वस्तातली साधी बॅटरी बसवू नकोस. गाडीत एजीएम (आतलं ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी) असेल तर एजीएमच घे, तीही तेवढ्याच क्षमतेची. काही पोर्शेंमध्ये लिथियमची हलकी बॅटरी असते. वजन वाचतं, खिसा मात्र चांगलाच हलका होतो, आणि तिला चार्जरही लिथियमचाच लागतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत, बीएमडब्ल्यूत तर हमखास, नवी बॅटरी गाडी तपासायच्या स्कॅनरने गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर खराब होते. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी नळी आठवणीने परत जोड. मी एकदा विसरलो होतो.

आणि हो, बहुतेक पोर्शे ९११ची बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते. झाकणाचं कुलूप विजेवरचं असेल, तर बॅटरी पूर्ण उतरली की ते उघडतच नाही! मग फ्यूजबॉक्समधून बाहेरची वीज द्यावी लागते. ती पद्धत आत्ताच मॅन्युअलमध्ये वाचून ठेव.

तुझी गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते ना? मग आधी व्होल्टेज मोज. एजीएम १२.४ व्होल्टच्या खाली दिसली तर मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरून भरलेली ठेवणारा चार्जर) लाव, कदाचित बदलायची वेळच आलेली नसेल.