वाचकांचे प्रश्न : दुकानाचा हिशेब ब्राउझरवर नेताना

प्रश्न : बार्शी तालुक्यात आमचे कृषी सेवा केंद्र आहे. बिले, साठा आणि शेतकऱ्यांची उधारी हे सर्व अनेक वर्षांपासून एका ओळखीच्या प्रोग्रामरने करून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालते. शेतकऱ्यांची नावे श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये भरलेली आहेत. संगणक विंडोज १० वर आहे आणि तो आता बदलावा लागेल, असे दुरुस्तीवाला म्हणतो. ब्राउझरवर चालणारे सॉफ्टवेअर घ्यावे, असा मुलाचा आग्रह आहे. सगळा जुना डेटा नव्यात आणून देऊ, असे विक्रेता सांगतो. मात्र आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही. काय करावे?
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : मुलाचा आग्रह रास्त आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, त्यामुळे बदल आज ना उद्या करावा लागणारच होता. विक्रेत्याचे आश्वासन मात्र आपण विनम्रपणे नाकारावे, असे मला वाटते. जुनी प्रत्येक नोंद नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली की तिच्याबरोबर दुबार उघडलेली खाती, कधीच न जुळलेला साठा आणि कोणाला आठवतही नाहीत अशा किरकोळ बाक्या तिथे जाऊन बसतात. नव्या ठिकाणी न्यायच्या त्या फक्त एका ठरावीक तारखेच्या शिलका : बँक व रोकड, कंपन्यांचे देणे, शेतकऱ्यांकडील येणे आणि प्रत्यक्ष मोजलेला माल. मागचे सर्व जुन्या जागीच राहू द्यावे, पण ते वाचता येईल अशा स्थितीत ठेवावे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून संगणक भंगारात देण्यापूर्वी प्रत्येक वर्षाची किर्द, खतावणी, खरेदी-विक्रीची नोंदवही आणि साठा नोंदवही पीडीएफमध्ये काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणावर चालत असेल, तर ते डोंगलही सांभाळून ठेवावे.

तारीख १ एप्रिलच धरावी. आपल्या धंद्यात तिचा दुहेरी फायदा आहे. नव्या आर्थिक वर्षाबरोबर बिलांची मालिका तशीही नव्याने सुरू करता येते, आणि खरिपाची झुंबड सुरू होण्यापूर्वी हात बसायला दोन महिने मिळतात. जूनमध्ये दुकानासमोर रांग लागलेली असताना नवे सॉफ्टवेअर सुरू करण्याचे धाडस कोणी करू नये. मार्चचे जीएसटी विवरणपत्र, म्हणजे मासिक भरणा असेल तर ११ एप्रिलपर्यंत जाणारे जीएसटीआर-१, जुन्याच सॉफ्टवेअरमधून भरावे. आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. सीएंकडून वर्षाचे हिशेब पक्के होईपर्यंत बहुधा सप्टेंबर उजाडतो, आणि तोवर घसारा, व्याज, तरतुदी यांमुळे काही खात्यांच्या आरंभीच्या शिलका बदलतात. त्यासाठी १ एप्रिलची तारीख पुढे ढकलायची नाही. जुन्यात दुरुस्ती झाली की तीच नव्यातही करायची आणि अशा दुरुस्त्यांची एक वही मात्र ठेवायची.

उधारी नेताना प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर एकच ठोक आकडा टाकण्याचा मोह होतो, कारण ते काम एका संध्याकाळी उरकते. तसे करू नये. बाकी बिलवार न्यावी, म्हणजे बिल क्रमांक, तारीख आणि उरलेली रक्कम अशी. शेतकरी ऊस गेल्यावर किंवा सोयाबीन विकल्यावर एखादे विशिष्ट बिल चुकते करतो. ठोक आकड्यात ते बिल सापडत नाही आणि थकबाकी किती जुनी आहे हेही कळेनासे होते. कीटकनाशकांचा साठा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याच्या तारखेसह मोजून भरावा. खतविक्री नोंदवण्याच्या ई-पॉस यंत्रावरील खतांचा साठा वेगळाच असतो, तो त्याच दिवशी प्रत्यक्ष पोत्यांशी जुळवून घ्यावा.

आता नावांचा प्रश्न, जो मला या पत्रात सर्वांत महत्त्वाचा वाटला. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘शिंदे’ हे नाव संगणकाच्या लेखी मराठी अक्षरांत साठवलेले नसते. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या जागी मराठी आकार दाखवण्याचे काम तो फॉन्ट करत असतो. ब्राउझर युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या पद्धतीवर चालतो, त्यामुळे नावे जशीच्या तशी तिकडे गेली तर यादीत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. रूपांतर करून देणारी साधने आहेत, पण दोन जागी ती हमखास अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलटे आहे. म्हणून शिंदे, शितोळे, सूर्यवंशी, कुलकर्णी, गिर्‍हे अशी वीस-पंचवीस नावे निवडून आधी तीच रूपांतरित करून पाहावीत. ती बरोबर उतरली, तर उरलेल्या यादीला हात घालावा. त्यानंतरही यादी कोणीतरी डोळ्यांखालून घालणे आवश्यक आहे. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात आणि त्यांतला एक ‘पाटिल’ असतो, हे कोणत्याही साधनाला कळणार नाही. अशा वेळी मोबाइल क्रमांक हीच खरी ओळख धरावी आणि ज्या खात्याला तो नाही, ते खाते मार्चअखेरपर्यंत शेतकऱ्याला विचारून पूर्ण करावे.

ही यादी एक्सेलमधून जाणार असेल तर बॅच क्रमांकाचा रकाना माहिती भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. एरवी ००४१७ या बॅचचे ४१७ होते आणि ३-१२ हा क्रमांक परस्पर डिसेंबरची तारीख होऊन बसतो. फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा, नाहीतर एवढ्या कष्टाने दुरुस्त केलेली मराठी नावे शेवटच्या पायरीवर पुन्हा बिघडतात.

इंटरनेटच्या बाबतीत आपली शंका योग्यच आहे. ब्रॉडबँडच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड आणि राउटरला इन्व्हर्टरची जोडणी एवढे केल्यास बहुतेक वेळ निभावते. तरीही लाइन जाईल त्या दिवसासाठी वेगळ्या मालिकेचे छापील बिलबुक काउंटरवर असावे आणि त्यातील बिले लाइन आल्यावर त्याच क्रमांकांनी नोंदवावीत. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक १६ वर्णांपेक्षा मोठा नसावा आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. एकापेक्षा अधिक मालिका ठेवायला हरकत नाही, फक्त त्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवाव्या लागतात. विक्रेता दुकानात दाखवायला येईल तेव्हा निम्मे बिल भरून झाल्यावर त्याच्यासमोरच वायफाय बंद करून पाहावे. त्याच भेटीत आपल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, आपल्याच छापील कागदावर बिल काढून दाखवायला सांगावे. जुने सॉफ्टवेअर प्रिंटरला थेट अक्षरे पाठवत असते, तर ब्राउझर संपूर्ण पान चित्रासारखे पाठवतो. त्यामुळे छपाई रेंगाळते आणि आकडे रकान्याबाहेर सरकतात. कित्येक दुकानदारांना हे पहिले बिल फाडतानाच कळते.

तीन महिने दोन्हीकडे नोंदी करा, असा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. दोन माणसांच्या दुकानात असे दुहेरी काम आठवडाभरही टिकत नाही. त्याऐवजी फेब्रुवारीतील पंधरा दिवसांची खरी बिले, पावत्या आणि परत आलेला माल नव्या सॉफ्टवेअरच्या चाचणी खात्यात भरून दोन्हीकडची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, समोरासमोर ठेवावी. फरक निघाला तर तो तिथेच सापडतो आणि मुलाचा हातही बसतो.

प्रश्न : आम्ही हिशेबासाठी टॅली हे सॉफ्टवेअर वापरतो. ‘क्लाउडवरचे टॅली’ म्हणून एक सेवा आम्हाला सुचवली जात आहे. ती घेतली म्हणजे आम्ही ब्राउझरवर गेलो, असे म्हणता येईल का?
— एक लेखनिक, नाशिक

उत्तर : नाही. अशा सेवेत डेस्कटॉपवरचेच सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर चढवलेले असते आणि आपण त्याचा पडदा दुरून पाहता. यात डेटा हलवावा लागत नाही आणि घरून काम करता येते. वर्षानुवर्षे बोटांना पडलेले वळणही मोडत नाही. हा शेवटचा फायदा लहान समजू नये. टॅलीत एफ-५ दाबल्यावर पेमेंट व्हाउचर उघडते. ब्राउझरमध्ये तीच कळ पान नव्याने आणते, आणि जतन न केलेले बिल गेले तर गेलेच. मात्र सेवा घेताना बॅकअप कोण, किती वेळा घेते आणि तो आपल्या संगणकावर रोज उतरवून घेता येतो का, हे लेखी विचारावे. टॅलीचा परवाना आपल्याच नावावर आहे ना, याचीही खात्री करावी. आपल्या कार्यालयाची अडचण केवळ मालकांना बाहेरून आकडे दिसत नाहीत एवढीच असेल, तर ही सेवा पुरेशी आहे आणि सॉफ्टवेअर बदलण्याच्या फंदात पडू नये.

प्रश्न : आमची लहान खासगी मर्यादित कंपनी आहे. ब्राउझरवरील सॉफ्टवेअर घेताना कायद्याच्या दृष्टीने काय पाहावे? आणि वर्गणी भरणे थांबवले तर डेटाचे काय होते?
— एक वाचक, पणजी

उत्तर : कंपनी लहान असली तरी १ एप्रिल २०२३ पासून तिचे हिशेब अशाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवावे लागतात, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. लेखापरीक्षकांना आपल्या अहवालात याविषयी लिहावे लागते. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी पेढीला हा नियम लागू नाही, म्हणून शेजारच्या दुकानदाराच्या अनुभवावर विसंबू नये. हिशेबाचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचेही कंपन्यांवर बंधन आहे. त्यामुळे सर्व्हर कोठे आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. स्थलांतराच्या वेळी एक बाब हमखास सुटते. जुन्या सॉफ्टवेअरमधून शिलका आणि व्यवहार एक्सेलमध्ये निघतात, पण कोणी काय बदलले त्याचा माग त्यांच्याबरोबर येत नाही. कंपनीला हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, तेव्हा जुने सॉफ्टवेअर त्या मागासह उघडता येईल अशी व्यवस्था तोवर ठेवावीच लागेल.

वर्गणी थांबवल्यावर काय होते, हे प्रत्येक सेवेच्या अटींवर अवलंबून असते. काही ठिकाणी खाते केवळ पाहण्यापुरते उरते, तर काही ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर पुसले जाते. म्हणून पहिल्या महिन्यातच सर्व डेटा एकदा बाहेर काढून पाहावा : बिले आणि खात्यांच्या याद्या निघतात का, जोडलेल्या पावत्यांची चित्रे निघतात का, आणि उतरलेली फाइल आपल्या सीएंना उघडता येते का. केवळ पीडीएफ देणारी सेवा मी तरी घेणार नाही, कारण पीडीएफवरून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाता येत नाही. खाते उघडताना ईमेल आणि ओटीपीचा मोबाइल क्रमांक संचालकांचा द्यावा. अकाउंटंट नोकरी सोडून गेला आणि ओटीपी त्याच्याच फोनवर येत राहिला, तर आपल्याच हिशेबासाठी आपल्याला त्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतील. सीएंना आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्यावे. एकच पासवर्ड चौघांनी वापरला, तर बदलांच्या नोंदीत चौघांच्या कामावर एकाचेच नाव लागते आणि लेखापरीक्षक त्याबद्दल विचारतातच.