‘स्केलबाउंड’ हा ड्रॅगन साथीदाराचा गेम कधी येणार?

येणार नाही, मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्येच अधिकृत घोषणा करून रद्द केला. यूट्यूबवर दिसणारा त्याचा गेमप्ले २०१५-१६ च्या प्रदर्शनांतला आहे, नव्या गेमचा नाही. वाईट वाटतं, कारण कल्पना फार सुंदर होती: नायक ड्र्यू आणि ड्रॅगन थुबान यांचे प्राण एकमेकांत गुंतलेले, एक गेला की दुसराही संपला. शिवाय थुबानला तुम्ही हुकूम द्यायचे, लढायचा तो बराचसा आपल्या मर्जीने. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांनी २०२२ मध्ये हा गेम पुन्हा हाती घेण्याची इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली होती, पण २०२३ मध्ये त्यांनी हा गेम बनवणारा स्टुडिओ, प्लॅटिनमगेम्स, सोडला. त्यामुळे मायक्रोसॉफ्टची नवी घोषणा होईपर्यंत कुठल्याही ‘रिलीज डेट’वर विश्वास ठेवू नका.