वाचकांचे प्रश्न : छोट्या कॅम्पसवर अडकल्यासारखं वाटतंय

प्रश्न : ताई, मी एका छोट्या युनिव्हर्सिटीत फिजिक्सच्या एमएस्सीला पहिल्या वर्षाला आहे. वर्गात जेमतेम पंधरा जण, शनिवार-रविवारी सगळे घरी पळतात आणि होस्टेल ओस पडतं, प्लेसमेंटला कंपन्या येत नाहीत. माझ्या मैत्रिणी मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत गेल्यात, त्यांचे फोटो बघून वाटतं मी मागे पडले. वर्ष सोडून परत एन्ट्रन्स देऊ का?

उत्तर : अगं, फक्त नावासाठी वर्ष सोडू नकोस. अमेरिकेत डेल आणि क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात अशीही मुलं होती की ज्यांना जास्त नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळत होता पण ती कमी नावाच्या ठिकाणी गेली, आणि पुढे त्यांची कमाई नावाजलेल्या कॉलेजात गेलेल्या तशाच मुलांइतकीच निघाली. पण एक अपवाद होता आणि तो लपवून उपयोग नाही, ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची होती त्यांना नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला. याचं एक कारण ओळखी असू शकतं, घरातून मिळत नाहीत त्या तिथे मिळतात. म्हणजे तुला कमी पडतायत त्या बाहेरच्या ओळखी, आणि त्या तिथे राहूनही करता येतात.

तुझ्याकडे काय आहे ते बघ ना. पंधरा जणांच्या वर्गात सरांना तुझं नाव माहीत असतं, तू कुठे अडतेस तेही माहीत असतं. मोठ्या डिपार्टमेंटमध्ये शेकडो मुलांत हे होत नाही, आणि उद्या पीएचडीसाठी शिफारसपत्र लागेल तेव्हा 'विद्यार्थिनी मेहनती आहे' एवढंच लिहिणारे सर आणि तू कुठला प्रयोग कसा दुरुस्त केलास हे लिहिणारे सर यात फार फरक पडतो. पण छोट्या ठिकाणी गोष्टी नोटीस बोर्डवर लागत नाहीत, त्या मागाव्या लागतात. लॅबमधलं एखादं उपकरण दुपारी रिकामं असेल तर वापरू का म्हणून विचार, लेक्चर संपल्यावर थांब, सरांचं सध्या काय काम चाललंय ते विचार, उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टचं सेमिस्टरच्या मध्यातच बोलून ठेव. बहुतेक मुलं लाजून विचारतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाचायला तर तुझ्या विषयात काही अडचणच नाही. फिजिक्सचे पेपर १९९१ पासून आर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात, म्हणजे मोठ्या युनिव्हर्सिटीतली मुलगी आज सकाळी जो पेपर वाचते तोच तूही वाचू शकतेस. वाचून एखादा नेमका प्रश्न पडला तर लेखकाला छोटी, मुद्द्याची मेल कर. सगळे उत्तर देत नाहीत, काही देतात.

आणि माजी विद्यार्थी! ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचं १९७३ चं काम बघ, ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्याने विचारलं की माहिती देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर नेहमी भेटणारा असं सांगणारे साधारण सहात एक निघाले, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलं होतं. कारण साधं आहे, रोजच्या मैत्रिणींना जे माहीत ते तुलाही माहीतच असतं. म्हणून ऑफिसात जाऊन आधीच्या चार-पाच बॅचेसची यादी माग, दोघा-तिघांशी बोल, नोकरी मागू नकोस, त्यांनी काय केलं ते विचार.

मात्र तुला ज्या शाखेत पुढे जायचंय ती शिकवणारं तिथे कोणीच नसेल किंवा लॅब कायम बंदच असेल, तर बाहेर पडायलाच हवं. तरी मी म्हणेन एमएस्सी पूर्ण कर आणि पीएचडीला दुसरीकडे जा.

प्रश्न : आमचा ग्रुप फुटला. कॅम्पस एवढासा की मेस, लायब्ररी, बसस्टॉप, सगळीकडे तेच चेहरे. खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही.

उत्तर : हे छोट्या जागेचं खरंच अवघड आहे, तू फार मनाला लावून घेतोयस असं मला मुळीच वाटत नाही. पण खोलीत बसू नकोस. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० च्या वर तास सोबत गेलेले दिसले, आणि हे तास गप्पा मारू म्हणून ठरवून भरत नाहीत, ठरलेल्या वेळी परत परत भेटलं की भरतात. एनएसएस, नाटकाची तालीम, व्हॉलीबॉल, काहीही चालेल, फक्त आठवड्यातून दोनदा तरी असू दे आणि जमलं तर दुसऱ्या डिपार्टमेंटची मुलं असू देत. जुन्या ग्रुपमधलं कोणी समोर आलं तर मान हलवून पुढे जा, आणि तिसऱ्याला मध्ये घालून कोण बरोबर कोण चूक ते सांगत बसू नकोस, एवढ्याशा कॅम्पसवर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे या आठवड्यातच जा.