निरोप तोच, पेशी वेगळी

विद्यार्थ्यांच्या या वेळच्या पत्रांत जीपीसीआर, म्हणजे जी-प्रोटीनला जोडलेले रिसेप्टर (पेशीपटलावर बाहेरचा निरोप घेऊन तो जी-प्रोटीनमार्फत आत पोचवणारी प्रोटीनं), यांच्यावरचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. साहजिक आहे. माणसात या कुटुंबाची सुमारे ८०० जनुकं आहेत (त्यातली जवळपास निम्मी नुसती वास घेण्यासाठी!) आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश यांच्यावरच काम करतात. फार्माकॉलॉजीत यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

ॲड्रेनलिन पेशीच्या आत शिरतच नाही, मग आतल्या एन्झाइमला कळतं कसं? आणि जीडीपीचं जीटीपी कोण करतं? – प्रथम वर्ष एमबीबीएस, सोलापूर

गोम दुसऱ्या प्रश्नातच आहे. जीडीपीचं जीटीपी कोणीच करत नाही. हे जी-प्रोटीनवर बसणारे दोन छोटे रेणू, जीटीपीत एक फॉस्फेट जास्त. जीडीपी बसलेला असेल तर प्रोटीन बंद, जीटीपी बसला की चालू.

रिसेप्टरची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. बाहेरून ॲड्रेनलिन बसलं की या सात दांड्यांची जागा थोडी हलते आणि सहाव्या दांडीचं आतलं टोक बाहेरच्या बाजूला फाकतं. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने २०११ मध्ये बीटा-२ रिसेप्टर (ॲड्रेनलिनचा एक रिसेप्टर) आणि जी-एस (चालना देणारं जी-प्रोटीन) यांची जोडी स्फटिकात पकडली, तेव्हा हे फाकणं सुमारे १४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) भरलं. पुढच्याच वर्षी त्यांना रिसेप्टरवरच काम करणाऱ्या रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या फटीत जी-प्रोटीनच्या अल्फा उपघटकाचं (बीटा आणि गॅमा हे उरलेले दोन) शेपूट घुसतं, अल्फाची जीडीपीवरची पकड सुटते आणि जीडीपी निघून जातो. पेशीत जीडीपीपेक्षा जीटीपी कितीतरी जास्त असतो, त्यामुळे रिकाम्या जागेवर तोच बसतो. एसटीत सीट रिकामी झाली की उभ्या गर्दीतलं कोणीतरी बसतं, तसंच. उठलेलाच प्रवासी कपडे बदलून परत बसत नाही! तरी दर वर्षी व्हायवात मला ‘रिसेप्टर जीडीपीला फॉस्फेट जोडतो’ हे ऐकावं लागतं.

जीटीपी बसला की अल्फा बीटा-गॅमापासून सुटतो. जी-एसचा अल्फा ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला जाऊन भिडतो, सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू) तयार होतं आणि त्याने प्रोटीन कायनेज ए, म्हणजे पीकेए, हे इतर प्रोटीनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम जागं होतं. बंद होताना मात्र फॉस्फेट खरोखरच तुटतो. अल्फा स्वतःच जीटीपी कापून त्याचा जीडीपी करतो. हे काम तो सावकाश करतो, म्हणून त्याला घाई करायला आरजीएस प्रोटीनं असतात.

आणि सुटलेल्या बीटा-गॅमाला रिकामटेकडं समजू नका. व्हेगस नसेने हृदय मंदावतं त्यात मोठा वाटा त्याचा आहे. व्हेगसचा निरोप घेणाऱ्या एम-२ रिसेप्टरकडून सुटलेलं बीटा-गॅमा एसए नोडमधली (हृदयाची लय ठरवणाऱ्या गाठीतली) पोटॅशियमची दारं थेट उघडतं, मध्ये सायक्लिक एएमपी लागतच नाही.

सायक्लिक एएमपी वाढलं की हृदय जोराने आकुंचन पावतं, श्वासनलिका मात्र सैल पडते. हे पाठ कसं करायचं? – द्वितीय वर्ष, नांदेड

पाठ करूच नका. पीकेए दोन्हीकडे तेच आहे, त्याच्या हाताला काय लागतं ते वेगळं आहे. हृदयाच्या पेशीत ते एल-प्रकारच्या कॅल्शियम चॅनलवर फॉस्फेट चढवतं, कॅल्शियम जास्त आत येतं, ठोका जोरकस होतो. शिवाय फॉस्फोलँबनवरही चढवतं. फॉस्फोलँबन एरवी कॅल्शियम साठवणाऱ्या पंपाला आवरून धरतं. त्याचा हात सुटला की कॅल्शियम भराभर परत ओढलं जातं, म्हणजे हृदय सैलही लवकर पडतं. ठोके वाढल्यावर भरायला वेळ कमी उरतो, तेव्हा हे लवकर सैल पडणं फार मोलाचं. विद्यार्थी नेमकं हेच लिहायचं विसरतात.

श्वासनलिकेच्या गुळगुळीत स्नायूत आकुंचनासाठी मायोसिन लाइट चेन कायनेज लागतं. पीकेए त्याच्यावर फॉस्फेट चढवून त्याचा जोर कमी करतं, पेशीतलं कॅल्शियमही उतरतं. स्नायू सैल. यकृतात हाच निरोप ग्लायकोजेन फोडायला लावतो, आणि अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांना सायक्लिक एएमपी सापडलं ते यकृतावरच्या याच कामातून.

कॉलरा आणि डांग्या खोकला, दोन्हींची विषं सायक्लिक एएमपी वाढवतात. मग फरक काय? – औरंगाबादहून एक इंटर्न

कॉलरात नळ उघडाच अडकतो, डांग्या खोकल्यात ‘नळ बंद कर’ हा निरोपच पोचत नाही. दोन्ही विषं अल्फावर एडीपी-रायबोज नावाचा रेणू चिकटवतात, पण पहिलं जी-एसवर आणि दुसरं जी-आयवर, म्हणजे सायक्लेजला आवरणाऱ्या जी-प्रोटीनवर. जी-एसची जीटीपी कापायची क्षमता जाते, म्हणून तो चालूच राहतो. आतड्यात सीएफटीआर या दारातून क्लोराइड वाहत राहतं, मागोमाग सोडियम आणि पाणी. जी-आय मात्र आपल्या रिसेप्टरशी जुळूच शकत नाही, त्यामुळे सायक्लेजला आवरणारा कोणी उरत नाही.

कॉलराचं हे विष जंतूंशिवाय, नुसत्या गाळलेल्या द्रवातही असतं, हे १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवलं. पेपरात लिहिलंत तर परीक्षकाला आवडेल.

कुठला रिसेप्टर कुठल्या जी-प्रोटीनचा? आणि आयपी-३, डीएजी डोक्यात राहतच नाहीत. – द्वितीय वर्ष, रत्नागिरी

‘किस’ आणि ‘किक’वालं सूत्र होस्टेलवर मिळेलच. ॲड्रेनलिनचे रिसेप्टर अल्फा-१, अल्फा-२, बीटा-१, बीटा-२ (जी-प्रोटीनचे अल्फा-बीटा उपघटक नव्हेत) म्हणजे जी-प्रोटीन क्यू, आय, एस, एस (QISS, ‘किस’). ॲसिटिलकोलीनचे एम-१, एम-२, एम-३ म्हणजे क्यू, आय, क्यू (QIQ, ‘किक’). (सूत्राचा पुढचा भाग इथे छापण्याजोगा नाही.)

आयपी-३साठी तुम्हाला लांब जायला नको, तुमच्या कोकणातला लाल विंचू पुरे. त्याचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं आणि रक्तात कॅटेकोलामाइनचा (ॲड्रेनलिनच्या कुळातल्या रसायनांचा) लोंढा येतो. रक्तवाहिन्यांवर अल्फा-१ आहेत. तिथून जी-क्यू, मग फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम. ते पटलातल्या पीआयपी-२ या चरबीच्या रेणूचे दोन तुकडे करतं, आयपी-३ आणि डीएजी. आयपी-३ पाण्यात विरघळणारं, म्हणून सुटून आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतं. डीएजी तेलकट, म्हणून पटलातच राहून पीकेसी या दुसऱ्या कायनेजला बोलावतं. कॅल्शियमने कॅल्मोड्युलिन या प्रोटीनमार्फत तेच मायोसिन लाइट चेन कायनेज चालू होतं, जे वर आपण पीकेएकडून बंद पाडलं. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार, दाब वर, हृदयावर भार आणि फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन दिलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. अल्फा-१ अडवला की वरची सगळी साखळी पहिल्याच कडीला थांबते. त्यानंतर मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं.

सालब्युटामॉल वारंवार घेतलं तर परिणाम का ओसरतो? – तृतीय वर्ष, पुणे

सालब्युटामॉल हे दम्याच्या पंपातलं औषध बीटा-२ रिसेप्टर चालू करतं. रिसेप्टर सतत चालू राहिला की जीआरके नावाची कायनेजं त्याच्या आतल्या शेपटावर फॉस्फेट लावतात. तिथे बीटा-अरेस्टिन बसतं, जी-प्रोटीनची वाट अडवतं आणि रिसेप्टरला आत ओढून नेतं. काही रिसेप्टर परत पटलावर येतात, काही मोडीत निघतात. पण पेशंट पंप रोज पाच-सहा वेळा ओढत असेल तर सगळा दोष अरेस्टिनवर टाकू नका. बहुधा सूज आटोक्यात नसते आणि त्याला स्टेरॉइडचा पंप हवा असतो. स्टेरॉइडमुळे बीटा-२ रिसेप्टर नव्याने जास्त तयार होतात, हा वरचा फायदा.

इन्सुलिनचा रिसेप्टरही जीपीसीआर आहे का? – नाव कळवलेलं नाही

नाही, तो टायरोसिन कायनेज आहे, म्हणजे टायरोसिन या अमिनो ॲसिडवर स्वतःच फॉस्फेट चढवतो. पण दोघांची गाठ पडते. चरबीच्या पेशीत इन्सुलिन फॉस्फोडायएस्टरेज या एन्झाइमला कामाला लावतं आणि ॲड्रेनलिनने वाढवलेलं सायक्लिक एएमपी ते फोडून टाकतं.