नव्या ओळीवरचे ‘काढा’ बटण का चालत नाही?

वेब पानावरील कामांच्या यादीच्या जावास्क्रिप्ट कोडबद्दल तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. आयडीवरून पानातील एलिमेंट, म्हणजे घटक, शोधणारे गेटएलिमेंटबायआयडी कधी कधी नल, म्हणजे ‘काहीच सापडले नाही’, परत करते. कामांच्या यादीतील सगळ्या ओळी लूप लावून काढायला गेल्यास निम्म्याच निघतात. आणि यादीत नंतर घातलेल्या ओळीचे ‘काढा’ बटण क्लिकला दाद देत नाही, इतकेच नव्हे तर त्यानंतर जुनी बटणेही बंद पडतात. या तिन्हींचे मूळ एकच आहे. ब्राउझर पानातील टॅग वाचत वाचत एलिमेंट्सचे एक झाड उभारतो आणि पान उघडे असेपर्यंत ते झाड बदलत राहते. म्हणून तुमचा कोड त्या झाडाकडे नेमका कोणत्या क्षणी पाहतो, यावर त्याला काय सापडेल हे अवलंबून असते.

नलचे उत्तर त्यामुळे सोपे आहे. स्क्रिप्ट टॅग हेडमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या भागात, असेल, तर ती चालते तेव्हा खालचे एलिमेंट अजून जन्मालाच आलेले नसते. बाहेरच्या फाइलमधून येणाऱ्या स्क्रिप्टला डिफर हा गुणधर्म लावा, म्हणजे संपूर्ण पान वाचून झाल्यावर ती चालेल. टाइप मॉड्यूल असलेल्या स्क्रिप्ट मुळातच तशा चालतात, त्यांना वेगळे काही लावावे लागत नाही. हे करूनही नल येत असेल, तर आयडीच्या आधी चुकून हॅशचे चिन्ह दिलेले नाही ना, तेवढे पाहा. ते सीएसएस सिलेक्टरने शोधणाऱ्या क्वेरीसिलेक्टरला लागते, गेटएलिमेंटबायआयडीला नाही.

निम्म्या ओळींचे कोडे थोडे सावकाश पाहू. क्लासच्या नावावरून एलिमेंट्स शोधणारे गेटएलिमेंट्सबायक्लासनेम जो संच देते तो जिवंत असतो, म्हणजे झाडातून एलिमेंट गेले की ते संचातूनही त्याच क्षणी जाते. चार ओळी आहेत असे समजा. लूपच्या पहिल्या फेरीत शून्य क्रमांकाची ओळ निघाली आणि उरलेल्या तीन एकेक घर पुढे सरकल्या. दुसऱ्या फेरीत तुम्ही एक क्रमांकाची ओळ काढता, पण त्या जागी आता मूळची तिसरी ओळ येऊन बसलेली असते. आता संचाची लांबी दोन, मोजणीही दोनवर, म्हणून लूप थांबतो आणि मूळची दुसरी व चौथी ओळ शिल्लक राहते. क्वेरीसिलेक्टरऑल मात्र त्या क्षणाची स्थिर यादी देते, त्यामुळे तिच्यावर फॉरईच चालवून प्रत्येक ओळीवर रिमूव्ह केले की सर्व ओळी निघतात.

तिसऱ्या तक्रारीत दोन वेगळी कारणे गुंतलेली आहेत. लिसनर, म्हणजे क्लिक झाली की चालणारा कोड, लावताना जी बटणे झाडात होती, त्यांनाच तो लागला. नंतर आलेल्या बटणाला त्याची काहीच माहिती नाही. जुनी बटणे बंद पडण्याचे कारण मात्र नवी ओळ जोडणाऱ्या तुमच्या इनरएचटीएमएल अधिक-बरोबर (innerHTML +=) या कोडच्या ओळीत आहे, आणि ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण कन्सोलमध्ये कसलीही एरर दिसत नाही. ती ओळ यादीच्या शेवटी एक ओळ जोडते असे वाटते; प्रत्यक्षात ब्राउझर संपूर्ण यादी मजकूर म्हणून वाचतो, त्याला नवा तुकडा जोडतो, जुनी एलिमेंट्स टाकून देतो आणि तो सगळा मजकूर नव्याने वाचून हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी एलिमेंट्स तयार करतो. जुने लिसनर जुन्या एलिमेंट्ससोबत जातात. यादीत एखादा इनपुट असेल, तर त्यात टाइप केलेला मजकूरही नाहीसा होतो, आणि तुम्ही आधी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलेले एलिमेंट पानावर नसलेल्याच वस्तूकडे बोट दाखवत राहते. त्याऐवजी क्रिएटएलिमेंटने ओळ तयार करून अपेंडने जोडा.

ओळीतील मजकूर वापरकर्त्याने लिहिलेला आहे, म्हणून तो टेक्स्टकंटेंटनेच घाला, म्हणजे ब्राउझर त्याला टॅग न मानता निव्वळ मजकूर मानेल. इनरएचटीएमएलने घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरे, पण तेवढ्यावर विसंबू नका. चित्राच्या टॅगमधील ऑनएरर, म्हणजे चित्र लोड न झाल्यास चालणारा कोड, चालतो, आणि परक्याचा कोड तुमच्या पानावर शिरायला तेवढे पुरते.

प्रत्येक बटणाला वेगळा लिसनर लावण्याऐवजी संपूर्ण यादीला एकच लावावा, असे मी आग्रहाने सुचवेन. क्लिक बटणावर झाली तरी ती घटना झाडातून वर वर चढत यादीपर्यंत पोचते, त्यामुळे ओळ केव्हाही आलेली असली तरी फरक पडत नाही. एक काळजी घ्या: इव्हेंटच्या टार्गेटमध्ये सर्वांत आतले एलिमेंट येते, त्यामुळे बटणात चिन्ह असेल तर टार्गेट ते चिन्हच असते. म्हणून टार्गेटवर क्लोजेस्ट (झाडात वर जात जवळचे जुळणारे एलिमेंट शोधणारे) वापरून बटणापर्यंत जा, आणि ते नल आले, म्हणजे क्लिक बटणाबाहेर झाली, तर तिथूनच परत फिरा. पुढे याच पद्धतीने इनपुटवर लक्ष ठेवायचे असल्यास लक्षात घ्या, की फोकस आणि ब्लर (इनपुट निवडला जाणे आणि सोडला जाणे) या घटना वर चढत नाहीत. तिथे फोकसइन आणि फोकसआउट वापरावे लागतील.