वाचक विचारतात : परदेशात बुद्धिबळाची शिकवणी

या वेळी बुद्धिबळावरची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं गावात राहणाऱ्या आईवडिलांची आहेत, आणि शिकवणारी लेकरं सातासमुद्रापार. एक पत्र मात्र उलट्या दिशेचं आहे.

मुलगी जर्मनीत एमएस करते. तिचं फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १६४० आहे. तिथली दोन-तीन मराठी कुटुंबं मुलांना शिकव म्हणून मागे लागली आहेत, पैसे हातात रोख देऊ म्हणतात. तिने हो म्हणावं का? – एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

हो म्हणावं, पण रोखीत आणि कागदाविना नाही. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. १ मार्च २०२४ पर्यंत ही मर्यादा १२० आणि २४० होती. घोळ असा होतो की हे दिवस नोकरीसाठी आहेत. कुणाच्या घरी जाऊन स्वतःची शिकवणी घेणं हा तिथल्या कायद्यात स्वतंत्र व्यवसाय, आणि त्याला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. तिथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डासोबत एक पुरवणी कागद मिळतो. त्यावर ‘सेल्बश्टेंडिगे टेटिगकाइट’ (स्वतंत्र व्यवसाय) या शब्दांपुढे काय लिहिलंय ते तिला आधी वाचायला सांगा. मनाई असेल तर साधा अर्ज करायचा: आठवड्याला किती तास, किती मुलं, अंदाजे किती उत्पन्न, आणि अभ्यास मागे पडणार नाही हे. कुटुंबांची दोन ओळींची पत्रं जोडली तर उत्तम.

परवानगी मिळाली की ‘एल्स्टर’ या सरकारी पोर्टलवर करखात्याचा नोंदणी फॉर्म भरायचा आणि करक्रमांक घ्यायचा. शिकवणं हा तिथे ‘फ्रायबेरूफ’ म्हणजे व्यापारात न मोडणारा पेशा धरतात, म्हणून व्यापार-नोंदणी लागत नाही. गेल्या वर्षाची उलाढाल २५,००० युरोच्या आत असेल तर छोट्या व्यावसायिकाची सवलत घेऊन बिलावर व्हॅट लावायची गरज नसते. आरोग्य विमा कंपनीलाही कळवायला हवं, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात.

आमच्या मते पहिलं वर्ष तिने शहरातल्या बुद्धिबळ क्लबमध्ये काढावं. जर्मन करकायदा बुद्धिबळाला खेळ मानतो, त्यामुळे क्लब धर्मादाय संस्था म्हणून चालतात आणि लहान मुलांना शिकवणाऱ्यांची त्यांना कायम गरज असते. अशा प्रशिक्षकाच्या मानधनाला २०२१ ते २०२५ या काळात वर्षाला ३,००० युरोपर्यंत करमाफी होती. करार नोकरीचा की मानधनाचा हे मात्र परवान्याशी ताडून बघावं लागतं. क्लब विस्तारित चारित्र्य दाखला मागेल. तो एकदा हातात आला की पुढे खासगी शिकवणीतही पालकांना दाखवता येतो.

१६४० रेटिंग नवशिक्या मुलांसाठी पुरेसं आहे. फक्त जाहिरातीत ऑनलाइन साइटवरचा आकडा लिहू नये, तो बहुधा फुगलेला असतो आणि क्लबातला कोणीही ते लगेच ओळखतो.

इतर देशांतही मुलं आहेत म्हणून थोडक्यात: ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर आणि आयर्लंडच्या स्टॅम्प २ या विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय चालत नाही, तास शिल्लक असले तरी. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास मिळतात, स्वतंत्र कामासाठी एबीएन हा व्यवसाय क्रमांक काढावा लागतो.

पुतण्या अमेरिकेत एच-१बी वर आहे. शनिवार-रविवार शेजारच्या पोट्ट्यांना पैसे घेऊन शिकवतो. चालतं ना? – मोर्शी, जि. अमरावती

नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचकडे काम करता येतं. ग्रंथालयात किंवा देवळाच्या हॉलमध्ये फुकट शिकवायला हरकत नाही, पण फीऐवजी गिफ्ट कार्ड घेणं म्हणजेही पैसे घेणंच. त्याची बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असेल आणि तिच्याकडे काम करण्याचं ईएडी कार्ड असेल, तर ती शिकवणी चालवू शकते. तिला खेळता येत नसेल तर मात्र हा मार्ग बंद. नावापुरती बायको आणि शिकवणारा नवरा, हा खेळ खेळू नये.

जावई मेलबर्नला कायमचे रहिवासी आहेत, रेटिंग १९०० च्या वर. चार मुलं शिकायला येत होती, दोन महिन्यांत दोन सोडून गेली. एवढा चांगला खेळाडू, मग काय चुकत असेल? – कारंजा लाड, जि. वाशीम

तुम्ही पत्रात लिहिलंय की ते आठ वर्षांच्या मुलाकडून सिसिलियन या ओपनिंगच्या (डावाच्या ठरीव सुरुवातीच्या) बारा खेळ्या पाठ करून घेतात. चूक तिथेच आहे. समोरचा भिडू तिसऱ्याच खेळीला पाठांतराबाहेर जातो आणि मूल उघडं पडतं. चांगल्या खेळाडूला स्वतः जे आवडतं ते शिकवायचा मोह होतो. आठ वर्षांचं मूल डाव हरतं ते ओपनिंगमुळे नव्हे. त्याचा घोडा बिनआधाराचा उभा असतो आणि ते त्याला दिसत नाही.

जावईबापूंना तास असा बांधायला सांगा. पहिली दहा मिनिटं तीन कोडी, तिन्ही एकाच प्रकारची. या आठवड्यात घोड्याचा दुहेरी मार, तर तिन्ही त्याचीच. मग वीस मिनिटं मुलाचा स्वतःचा हरलेला डाव, त्यानेच लिहून आणलेला. शिकवणाऱ्याने प्रत्येक खेळीला एकच विचारायचं, ‘आता समोरच्याला काय हवंय?’ आणि गप्प बसायचं. वीस सेकंद थांबणं फार जड जातं, बहुतेक जण पाच सेकंदांत उत्तर सांगून मोकळे होतात. उरलेल्या अर्ध्या तासात एकच नवी गोष्ट, आणि तीही पटावर खेळून.

उदाहरण घ्या (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८). पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. बाकी पट रिकामा. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत. राजे समोरासमोर, मधे एक घर, आणि ज्याची खेळी त्याला बाजूला सरावं लागतं. हे बोलून समजत नाही. मुलाला आधी पांढरे द्यायचे, मग काळे द्यायचे, चार-चार वेळा. पाचव्या वेळी मूल स्वतःच म्हणतं, ‘तुम्ही आधी खेळा.’ तेव्हा शिकवणी झाली. पुढच्या आठवड्यात पांढरा राजा ई६ वर, प्यादं ई५ वर, काळा राजा ई८ वर मांडा: आता खेळी कुणाचीही असो, पांढराच जिंकतो. का, ते त्याला शोधू द्या. मुलं घाईने प्यादं पुढे ढकलतात आणि राजा मागे राहतो, तेवढी एक खोड मोडली की दहातले निम्मे डाव सुटतात.

ओपनिंग शिकवायचीच असेल तर चार खेळ्यांत होणारी मात कशी टाळायची ते शिकवा. शाळेत प्रत्येक मूल तिचा बळी असतं. पांढऱ्याने ई४, उंट सी४, वजीर एच५ केलं, काळ्याचं प्यादं ई५ वर आणि घोडा सी६ वर असेल, तर तिसऱ्या खेळीला घोडा एफ६ नको, वजीर सरळ एफ७ मारून मात करतो. प्यादं जी६ करायचं. वजीर एफ३ वर गेला की मग घोडा एफ६.

पाठ सोडून गेलेल्यांच्या पालकांशीही बोलायला हवं. तास संपल्यावर दोन मिनिटांचा निरोप पाठवावा: आज काय केलं, घरी काय करायचं. घरची दहा कोडी पुरे, तीस दिली तर एकही होत नाही. चार तासांची फी आधी घ्यावी आणि चोवीस तास आधी न कळवता रद्द केलेला तास धरला जाईल हे पहिल्याच दिवशी सांगावं. नंतर सांगितलं की भांडण होतं. ऑस्ट्रेलियात मुलांसोबत पैसे घेऊन काम करायला राज्याचा ‘वर्किंग विथ चिल्ड्रन’ दाखला लागतो, तो नसेल तर आधी तो काढा. पालक घरात असावेत, खोलीचं दार उघडं असावं.

मी गावातच राहतो. परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवायचं आहे. लाइन जाते, नेट अडखळतं. जमेल का? – मेहकर तालुका, जि. बुलडाणा

जमेल, आणि कागदपत्रांच्या बाबतीत तुमचं काम वरच्या सगळ्यांपेक्षा सोपं आहे. तुम्ही भारतात, उत्पन्न भारतात करपात्र, व्हिसाचा प्रश्नच नाही. परदेशी बँकेतून पैसे आले की बँक त्याचा उद्देश विचारते, तिथे ‘शिक्षणसेवा’ सांगा आणि पैसे आल्याचा दाखला जपून ठेवा.

वेळांचं गणित आधी वहीत लिहा. सिडनीचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा, तिकडच्या उन्हाळ्यात साडेअकरा. जर्मनीचे संध्याकाळचे पाच आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. न्यू जर्सीत संध्याकाळ झाली की आपल्याकडे पहाटेचे चार वाजतात, म्हणून तिथली मुलं शनिवार-रविवारी सकाळी नऊला घ्या, ते आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. युरोपचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. दरवर्षी त्या आठवड्यात अर्धी मुलं चुकीच्या वेळी येतात. आदल्या दिवशी निरोप द्या.

घर गावठाण फीडरवर असेल तर बरं. वावरातल्या घरात कृषी फीडर असतो, तिथून शिकवणी चालवू नका. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, दोन तास निघतात. नेट अडखळलं की आधी व्हिडिओ बंद करा: पट आणि आवाज फार कमी डेटावर चालतात. एप्रिल-मे महिन्यात टिनाखाली फोन तापून बंद पडतो, आणि कूलर लावला तर त्याची घरघर थेट मुलाच्या कानात जाते. वायरवाला इअरफोन घ्या आणि माइक तोंडाजवळ धरा. मृगाच्या कडकडाटात राउटरची पिन काढून ठेवा, त्या दिवशीचा तास गेला तर गेला.

पटासाठी लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट फुकट आहे. त्यात ‘क्लास’ करून मुलांची खाती तुम्हीच उघडू शकता, ‘किड मोड’ने चॅट बंद होते. एका ‘स्टडी’त, म्हणजे तिथल्या पाठाच्या वहीत, ६४ प्रकरणं बसतात, म्हणजे एका मुलाचं वर्ष निघतं.

एक सावधगिरी. घरचे डाव मूल इंजिनला (खेळी सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामला) विचारून खेळतंय का, हे वेळेवरून कळतं: सोपी मारामारीही आठ सेकंदांत आणि अवघड खेळीही आठच सेकंदांत. ओरडू नका. पुढच्या तासाला तोच डाव उघडून विचारा, ‘इथे वजीर का दिला?’ उत्तर आलं नाही की मुलालाही कळतं, तुम्हालाही.

सासरे नातवाला पारावरच्या नियमांनी शिकवतात. नातू सुट्टीत परदेशातून येतो आणि भांडतो. कोण बरोबर? – सिंदेवाही, जि. चंद्रपूर

दोघेही. देशी डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं, किल्लेकोट नाही, आणि शह बसण्याआधी राजा एकदा घोड्याची अडीच घरं जातो. गावागणिक थोडा फरक आहे. नातवाने आजोबांशी देशी खेळावं, स्पर्धेत फिडेचे नियम पाळावेत. डाव सुरू करण्याआधी फक्त एवढं ठरवून घ्या की आज कोणते नियम.