रास्पबेरी पाय 4 (एका बोर्डावरचा छोटा संगणक) मधूनच रीस्टार्ट होतो. चार्जर तर 65 वॉटचा आहे, मग दोष कशात?

बहुतेक चार्जरमध्येच. 65 वॉटचा आकडा बघून फसू नका. पाय 4 फक्त 5 व्होल्ट घेतो, जास्त व्होल्टेज मागतच नाही. फोनचे बरेच फास्ट चार्जर 5 व्होल्टवर जेमतेम 2 अँपिअर देतात, आणि बारीक केबलमध्ये त्यातलंही थोडं व्होल्टेज गळतं. पायसोबतचा अधिकृत अडॅप्टर 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा असतो, तो उगाच नाही.

खात्री करायची तर बोर्डावरचा लाल दिवा बघा. व्होल्टेज साधारण 4.63 च्या खाली गेलं की तो विझतो. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). उत्तर 0एक्स0 आलं तर वीजपुरवठा ठीक. 0एक्स50005 म्हणजे या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि प्रोसेसरचा वेग उतरवलाय. 0एक्स50000 म्हणजे आत्ता ठीक, पण बूट झाल्यापासून कधीतरी तसं घडून गेलंय.

यूएसबीला हार्ड डिस्क जोडली असेल तर आधी ती काढून बघा. चारही पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच मिळतात. डिस्क लागणारच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

अडॅप्टर बदलूनही बूट होताना फाइल सिस्टीमच्या एरर दिसल्या, तर वारंवार वीज तुटून पायच्या मेमरी कार्डवरचा डेटा बिघडलेला असू शकतो. कार्ड दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, माउंट न करता (म्हणजे त्यातल्या फाइल्स न उघडता) एफएससीके ही फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवा. त्याआधी कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, मात्र काढून ठेवा.